एकट्याने खाल्लेल्या फळाचं नाव

पद्माकर झेंड्यांनी पेरूची एक फोड तोंडात टाकली, उरलेला पेरू टेबलावरच्या सोबतीसमोर धरला आणि खोरमी भाषेत विचारलं, "हे काय?"

"हुंब," सोबती म्हणाला.

"अरे, कुटूर आहे हा! कुटूर! परवापरवापर्यंत बरोबर म्हणत होतास ना?"

"हुंब," सोबती पुन्हा म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता आणि दिलगिरीही नव्हती.

गेले काही दिवस हेच चाललं होतं. केळं दाखवलं, हुंब. चिकू दाखवला, हुंब. बाकीच्या गप्पा मात्र बिनचूक. हवापाणी, गुडघेदुखी, शेजारच्या कुत्र्याची निंदा, सगळं तो अस्खलित खोरमीत बोलायचा. फक्त फळ समोर आलं की त्याची गाडी त्या एका शब्दावर अडून बसायची. आता खोरमीतून फळं वजा केली तर मागे उरतं काय? ती भाषा जन्मलीच मुळी फळांसाठी होती.

सासवडच्या त्या कॉलनीत एकट्या राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या घरी आता सोबती होता. खरबुजाएवढा गोळा, त्याला एक डोळा आणि एक आवाज. आधीची बोलकी यंत्रं जगभरचं लिखाण वाचून शहाणी व्हायची आणि मग सगळ्यांशी एकाच छापाचं गोडगोड बोलायची. लोक त्यांना कंटाळले. सोबती तसा नव्हता. तो जुजबी मराठी घेऊन घरी यायचा आणि बाकी सगळं त्या घरातच शिकायचा. शब्द तर शिकायचाच, पण कोणता शब्द कधी, कुणाशी, कुठल्या प्रसंगी बोलायचा, त्या घराच्या रीतीही शिकायचा. समोरच्या चौधरीबाईंनी आपल्या सोबतीला माहेरची अहिराणी शिकवली होती आणि आता दोघं मिळून सुनेची उणीदुणी काढायचे. झेंड्यांनी त्यांच्या सोबतीला खोरमी शिकवली, कारण जगात ती बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

खोरमी ही झेंडे आणि त्यांची थोरली बहीण शालन यांनी रचलेली भाषा. वडिलांची कऱ्हेकाठी अंजिराची बाग होती. चांगली फळं पाट्यांत भरून बाजारात जायची आणि घरातल्या दोन पोरांच्या वाट्याला उललेलं किंवा पाखराने टोचलेलं एखादं फळ यायचं, तेही दोघांत एक. भांडणं व्हायची. मग आईने नियम घातला, की एकाने फोडायचं आणि दुसऱ्याने आधी वाटा उचलायचा. शालनआक्काचं डोकं सुपीक. तिने या नियमाभोवती एक अख्खा देश उभा केला. बागेतून दिसणाऱ्या डोंगरापलीकडे खोरम नावाचा देश आहे, तिथे राजा नाही, शाळा नाही, आणि तिथली माणसं भेटली की एकमेकांना रिकामा तळहात दाखवतात, म्हणजे फळ लपवलेलं नाही याची खात्री पटते.

खोरमी माणसं फळाचं नाव पाठ करत नाहीत. फळ फोडणारा गप्प बसतो. दुसरा खातो, आणि खाऊन झाल्यावर तो जे म्हणेल ते त्या फळाचं नाव. मग फोडणाऱ्याने ते नाव उच्चारलं की शब्द पक्का. अंजिराच्या बिया दाताखाली आल्या तेव्हा आक्का 'मिरमिर' म्हणाली, आणि अंजीर कायमचं मिरमिर झालं. केळ्याला पदूने, म्हणजे झेंड्यांनी, 'वाकू' म्हटलं. आपल्या हातातला अर्धा वाटा तो दिमा, समोरच्याच्या हातातला तो दिमी. अख्ख्या फळाला खोरमीत शब्दच नव्हता, कारण अख्खं फळ त्या दोघांना कधी मिळालंच नव्हतं.

पोरवयातला हा खेळ दोघांच्या अंगात इतका मुरला की पुढे तो सुटलाच नाही. आक्का लग्न होऊन वाईला गेली. झेंडे नकाशे काढायच्या नोकरीत रमले. त्यांनी लग्नही केलं, पण बायको लवकर गेली आणि मूलबाळ झालं नाही. दर रविवारी आक्काचा फोन यायचा आणि दोघं खोरमीत तासन् तास बोलायची. आक्काचे यजमान हयात होते तोवर वैतागायचे, "माझ्याच घरात मी परका!"

मग गेल्या वर्षी आक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. माणसं ओळखायची, बोललेलं समजायचं, पण तोंडातून 'ते ते ते' याखेरीज काही निघायचं नाही. झेंडे भेटायला गेले, तेव्हा तिच्यासमोर चित्रांची कार्डं धरलेली होती. आंबा, केळं, द्राक्षं. डॉक्टरांनी सांगितलेला तो रोजचा अभ्यास होता. सून म्हणत होती, "आई, हे काय आहे? म्हणा, आंबा. आं... बा." आणि फळांचा देश उभा करणारी आक्का "ते ते" करत रडत होती. झेंडे हात धुवायचं निमित्त काढून नळाशी गेले आणि तिथूनच जे निघाले ते परत फिरकले नाहीत. भाच्याला फोन करून तब्येत विचारायचे, तेवढंच. याची त्यांना लाज वाटायची. पण लाज वाटते म्हणून माणूस पाऊल उचलतोच असं नाही, बहुतेकदा तो घरी सोबती आणतो.

सोबतीला ते आक्काच्या जागी बसवत होते, दुसरं काय! आधी त्याला शब्द शिकवले, मग खोरमच्या गोष्टी सांगितल्या, रीती सांगितल्या. रविवारी त्याच्यासमोर बसून बोलताना डोळे मिटले की क्षणभर फसायला व्हायचं. आणि नेमकं आत्ता, जेव्हा त्यांना या यंत्राची खरी गरज होती, तेव्हाच ते बिघडलं होतं.

गरज होती परसातल्या झाडामुळे. कुंपणाशी आपोआप उगवलेलं ते रोप झेंड्यांनी सीताफळ समजून वाढवलं होतं. यंदा त्याला पहिल्यांदा फळं धरली, ती सीताफळं नव्हती आणि रामफळंही नव्हती. साल जवळजवळ गुळगुळीत, रंग फिका गुलाबी, वास दोन्हींपेक्षा वेगळा. शेजारच्या गल्लीत रामफळाचं जुनं झाड होतं, तेव्हा हा संकर म्हणजे कुठल्यातरी भुंग्याचा उद्योग असणार. मराठीत या फळाला नाव नव्हतं. झेंड्यांना ते खोरमीत हवं होतं. आक्का गेली तरी भाषा जिवंत आहे, तिच्यात अजून नवा शब्द जन्मतो, एवढं त्यांना स्वतःला पटवायचं होतं. आक्का गेलेली नव्हती, वाईला खुर्चीत बसून होती, पण मनातल्या मनात ते असंच म्हणायला लागले होते.

त्यांनी पहिलं पिकलेलं फळ फोडलं, खाल्लं, आणि सोबतीला म्हणाले, "याला नाव दे."

"हुंब."

झेंडे चिडले. त्यांनी खिडकीबाहेरचा पोपटाने टोचलेला पेरू आणून त्याच्यासमोर आपटला. "आणि हा?"

सोबती थोडा थांबला. "नाव आहे," तो म्हणाला. "पाखराला विचार."

त्यावर झेंड्यांनी दुरुस्तीवाल्यांना फोन लावला.

परवीन आत्तार दुपारी स्कूटरवरून आल्या. पन्नाशीच्या, अंगाने भक्कम, बोलायला मोकळ्या. तालुक्यातले निम्मे सोबती त्यांच्याच हाताखालून गेले होते. त्यांनी गोळा उघडला, तपासणीची तार लावली आणि पडद्यावर बघत विचारलं, "काका, नक्की तक्रार काय?"

"शिव्या देतो."

"शिव्या? अहो, हा शिव्या स्वतःहून शिकत नाही. तुम्ही दिल्या असतील."

"प्रत्येक फळाला हुंब म्हणतो. ही आमच्या भाषेतली शिवी आहे. लहानपणी कुणी चोरून फळ खाल्लं की दुसरा म्हणायचा, हुंब खाल्लंस!"

"म्हणजे हुंबचा अर्थ चोरीचं फळ?"

"चोरीचं नाही तसं," झेंडे म्हणाले. "हुंब म्हणजे..." ते बोलता बोलता अडखळले. "म्हणजे एकट्याने खाल्लेलं. खोरम देशात एक माणूस असतो, तो एकटाच खातो. मग त्याला सगळी फळं सारखीच लागायला लागतात, म्हणून त्याच्या सगळ्या फळांना एकच नाव. आक्काची गोष्ट होती ती."

"ही गोष्ट याला कधी सांगितली?"

"झाले असतील पंधरावीस दिवस."

"आणि हुंब कधीपासून सुरू झालं?"

झेंडे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. परवीनबाईंनी तार काढली, टेबलावरचा पेरू कापला आणि विचारलं, "मी खाल्ला तर चालेल ना?" झेंड्यांनी मान डोलावली. त्यांनी एक फोड झेंड्यांच्या पुढे सरकवली, दुसरी स्वतः खाल्ली.

"कुटूर," सोबती म्हणाला.

बाहेर चौधरीबाईंचा सोबती मोठ्याने कुणाचा तरी उद्धार करत होता.

"काका, हा बिघडलेला नाही," परवीनबाई म्हणाल्या. "याच्या आत शब्द वेगळे आणि रीती वेगळ्या अशी कपाटं नसतात. सगळं एकाच जाळ्यात विणलेलं असतं, त्याला आम्ही रीतजाळं म्हणतो. हा तुम्हाला रोज बघतो. टेबलावर एक ताट, एक वाटी, एक माणूस. तुम्हीच शिकवलेल्या रीतीप्रमाणे तो बरोबर शब्द वापरतो."

"मग ती रीत काढून टाका."

"काढते की. पण ती ओढली तर तिच्याबरोबर किती टाके निघतील ते मला सांगता येणार नाही. नंतर तो तुम्ही म्हणाल ते म्हणेल, पोपटासारखं. पुष्कळ लोक तसंच करून घेतात." त्यांनी झेंड्यांकडे पाहिलं. "तुम्हाला करून हवंय का?"

झेंड्यांना फार वाईट वाटलं. यंत्राने चूक केली असती तर त्यांनी ती हसून पोटात घातली असती. पण या वर्षात त्यांनी खाल्लेली सगळी फळं, पहाटे उठून आणलेली अंजिरं, बाजारातून निवडून घेतलेली केळी, सगळी त्यांच्याच भाषेत एकाच नावाची होती, आणि हे त्यांना एका खरबुजाएवढ्या गोळ्याकडून ऐकावं लागलं होतं. त्यांनी सोबतीला खोरमीत विचारलं, "मी फळ फोडलं, अर्धं तुझ्यासमोर ठेवलं, तर तू नाव देशील?"

"मी खात नाही," सोबती म्हणाला. "जो खातो त्याला दे."

परवीनबाईंना भाषा कळली नाही, पण झेंड्यांचा चेहरा कळला. पिशवी आवरता आवरता त्या म्हणाल्या, "तुमच्या आक्का असतात कुठे?"

"वाईला."

"मग लांब कुठे आहे? कापूरहोळवरून गेलात तर जेवायच्या वेळेला पोचाल."

दुसऱ्या दिवशी झेंडे एसटीने निघाले. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत झाडावर पिकलेली दोन फळं, आणि सदऱ्याच्या खिशात सोबतीचा सुटा होणारा भाग, त्याचा डोळा खिशाबाहेर डोकावणारा. बस विजेची होती, तिचा आवाज नव्हता, त्यामुळे मनातलं सगळं फार स्पष्ट ऐकू येत होतं. आक्का रडेल. आपण पुन्हा नळाशी पळू. किंवा त्याहून वाईट म्हणजे, ती फळ खाईल आणि खोरमच आठवणार नाही, मग आपण कुणाशी काय बोलत होतो इतकी वर्षं? सुरूर फाट्याला उतरून परतीची बस धरावी असं त्यांच्या दोनदा मनात आलं. फळं उद्यापर्यंत टिकणार नाहीत म्हणून ते उतरले नाहीत.

दार आक्काच्या सुनेने, मेघनाने उघडलं. "मामा! अहो, किती वाट पाहायला लावली तुम्ही." तिच्या आवाजात राग होता आणि त्याहून जास्त थकवा होता. भाचा कामावर गेला होता. आक्का खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसली होती, खुर्चीला पुढे जोडलेल्या पाटावर चित्रांची कार्डं तशीच पडलेली. तिने झेंड्यांकडे पाहिलं आणि तिचं तोंड थरथरलं.

"ते," ती म्हणाली. "ते ते."

"आई, कोण आलंय सांगा बघू?" मेघना सवयीने म्हणाली. "म्हणा, प... पदू."

"मेघना," झेंडे म्हणाले, "थोडा वेळ कुणीच काही विचारू नकोस. आमची रीत आहे."

त्यांनी आक्कासमोर उजवा तळहात रिकामा करून धरला. आक्का बघत राहिली. तिचा उजवा हात मांडीवर पडून होता. मग हळूहळू तिने डावा हात उचलला आणि तळवा वर केला. उघडा, रिकामा. झेंड्यांना हुंदका आला, तो त्यांनी गिळला, कारण फोडणाऱ्याने गप्प बसायचं असतं.

त्यांनी कार्डं बाजूला सारली, फळ काढलं आणि दोन्ही अंगठ्यांनी फोडलं. आतला गर गुलाबीसर होता. बिया मेघनाने काढून घेतल्या. खोरमी रिवाजात ते बसत नव्हतं, पण घास अडकला असता तर रिवाज काय चाटायचा होता? अर्धं फळ त्यांनी आक्काच्या हातावर ठेवलं, अर्धं स्वतःच्या हातात ठेवलं, आणि ते वाट बघत बसले.

वर्षभरात त्या खोलीत इतका वेळ कुणी गप्प बसलं नसेल. आक्काला प्रश्न विचारल्याशिवाय, शब्द सुचवल्याशिवाय, तिच्या वतीने बोलल्याशिवाय कुणाला राहवतच नसे, आणि ते सगळं मायेपोटीच असे. आक्का सावकाश खात होती. रस हनुवटीवर आला तो मेघनाने पुसला. खाऊन झाल्यावर तिने डोळे मिटले, जीभ टाळूवर फिरवली. कपाळावर आठी पडली.

"लोऽम," ती म्हणाली.

मेघना दचकली. "काय म्हणाल्या? मामा, 'ते'शिवाय त्यांनी आजवर..." ती थांबली. "पण याला काही अर्थ नाही ना? नुसताच आवाज असेल."

झेंड्यांच्या खिशातून सोबतीने खोरमीत विचारलं, "हे नाव आहे?"

मेघना म्हणाली ते खरं असू शकत होतं. डॉक्टरांनी ऐकलं असतं तर त्यांनी नोंद केली असती आणि पुढचं कार्ड धरलं असतं. पण खोरममध्ये चूक उत्तर नव्हतं. खाणारा म्हणेल ते नाव, फक्त फोडणाऱ्याने ते उच्चारायचं. त्यांनी आपला वाटा खाल्ला. फळ काल एकट्याने खाल्लं तेव्हापेक्षा वेगळं लागत होतं, निदान त्यांना तसं वाटलं.

"लोम," ते म्हणाले.

आक्काने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत त्यांना तो जुना भाव दिसला, चुकीचा उच्चार करणाऱ्या धाकट्या भावाला धारेवर धरणारा. तिने मान हलवली. नाही.

"लो... ऽऽ... म," ती म्हणाली, शब्द लांबवून, पहिल्या वेळी म्हटला होता अगदी तसा.

"लोऽम," झेंडे म्हणाले, आणि मग ते रडले. नळाशी गेले नाहीत, तिथेच खुर्चीजवळ बसून रडले. आक्काने डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. हात चिकट होता.

थोड्या वेळाने तिने पिशवीकडे बोट केलं. झेंड्यांनी दुसरं फळ तिच्यापुढे पाटावर ठेवलं. आता फोडायची पाळी तिची होती. एका हाताने तिने ते दाबलं, पिकलेलं असल्याने ते उललं, वेडंवाकडं, कुठे मोठं कुठे छोटं. त्याचे दोन नव्हे, तीन भाग झाले. एक तिने झेंड्यांकडे सरकवला. एक स्वतःपाशी ठेवला. तिसरा भाग तिने पाटाच्या कडेपर्यंत ढकलला, मेघनाच्या दिशेने.

"मला?" मेघना म्हणाली. तिने पदराला हात पुसले आणि तो तुकडा उचलून तोंडात टाकला. वर्षभर या खोलीत तिने किती फळं कापून भरवली असतील, पण इथे बसून खाल्लं असं तिला आठवत नव्हतं.

"याला काय म्हणायचं?" सोबतीने विचारलं.

"लोऽम, झालं की आता," झेंडे म्हणाले.

"फळाला नाही," सोबती म्हणाला. "तिसऱ्या वाट्याला."

दिमा होता, दिमी होता. तिसऱ्या वाट्याला खोरमीत शब्द नव्हता, कारण तिसरं कुणी त्या देशात कधी आलंच नव्हतं. त्यांनी आक्काकडे पाहिलं. आक्का त्यांच्याकडे बघत नव्हती. फळ तिने फोडलं होतं, म्हणून ती ओठ मिटून गप्प बसली होती, आणि रोज सकाळी तिच्यासमोर चित्रं धरून उत्तराची वाट बघणाऱ्या सुनेकडे टक लावून बघत होती. झेंड्यांनीही मान तिकडे वळवली.

"मामा, असं काय बघताय दोघं माझ्याकडे?" तोंडातला घास गिळत मेघना म्हणाली. "मी काय म्हणायचं असतं आता?"